वाकोडे बाईंनी ऐकलेला कॉल

शेजारी कोणाचाही फोन वाजला की वाकोडे बाई उठून दहा पावलं लांब जायच्या. वाचनालयात असोत, एसटी स्टँडवर असोत, नाहीतर कोणाच्या घरी चहाला बसलेल्या असोत. समोरचा माणूस "बसा ना बाई, खासगी काही नाही" म्हणायचा. बाई हातानंच "होऊ द्या, होऊ द्या" अशी खूण करत लांब जायच्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभ्या राहायच्या. बोलणं संपलं की परत येऊन, अर्धं राहिलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायच्या. देऊळगाव राजात नव्यानं आलेल्या माणसाला हे विचित्र वाटायचं. आम्हाला माहीत होतं, की बाईंची सारी नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती आणि तिची सुरुवातीची वर्षं ट्रंक बोर्डावर गेली होती.

त्या काळी परगावी बोलायचं, म्हणजे ट्रंक कॉल करायचा, तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचं. लाइन मिळाली की ऑपरेटर दोन टोकं जोडून द्यायची. समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या, कानावर हेडफोन. बोलणं चालू आहे की संपलं हे कळायला ऑपरेटरला अधूनमधून एक चावी दाबून ऐकावं लागायचं.

"पण दोन सेकंद ऐकायचं," बाई सांगायच्या. "आवाज आहे? आहे. मंग चावी वर. कामापुरतं ऐकणं वेगळं अन् कान लावून बसणं वेगळं. सारं गाव माह्या बोटात होतं बाप्पा! कोणाच्या घरी कोण बिमार, कोणाची सोयरीक मोडून राह्यली, सारं. पण माह्या मायले बी कधी सांगतलं नाही."

बाई मूळच्या मोताळ्याकडच्या. उभी हयात आमच्या गावात काढूनही त्यांचं बोलणं तिकडचंच राहिलं. आमच्या भागाला जालन्याची हवा, आम्ही मला-तुला म्हणणारे. त्यामुळे बाईंचं मले-तुले भाजी बाजारात लांबूनच ओळखू यायचं. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं आणि बाकी सगळं जागच्या जागी. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा जरा चपटा होता. हेडफोननं तो तसा केला, असं त्या अभिमानानं दाखवायच्या.

तुम्ही काहीही सांगितलं, तर ते त्या आधी परत म्हणून दाखवायच्या. "म्हंजे तुले पुढं पुण्याले शिकायचं आहे, घरचे नाही म्हणतीन असं तुले वाटते, अन् तू अजून त्यायले विचारलंच नाही. बरोबर?" आपलंच बोलणं असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की निम्मे प्रश्न तिथंच संपायचे. माझा हा प्रश्न तर खरंच असा संपला. मी त्याच दिवशी घरी जाऊन विचारलं आणि वडील नाही म्हणाले नाहीत.

माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई लोकांच्या शेतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वाचनालयात बसायचे, कारण तिथं पंखा होता. एके दिवशी समोर वाकोडे बाई येऊन बसल्या आणि कागदांचा जाडजूड गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तू राज्यशास्त्रवाली ना वं? मंग हे सांग मले. या कागदात कुठी 'शॅल' लिहून राह्यले, कुठी 'मे'. काऊन?"

मी कागद उलटसुलट करून पाहिले. उत्तर बाईंनीच शोधून काढलं होतं. पहिल्याचा अर्थ करावंच लागेल, दुसऱ्याचा अर्थ वाटलं तर करा. मग आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन त्या साऱ्या गठ्ठ्यातल्या 'वाटलं तर' खाली रेघा मारल्या. संध्याकाळ झाली तरी संपल्या नाहीत.

तो गठ्ठा म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा होता. इंटरनेटवरून गुन्हा होतो तेव्हा गुन्हेगार एका देशात असतो, ज्याचं नुकसान झालं तो दुसऱ्या देशात आणि पुरावा तिसऱ्याच देशातल्या यंत्रात. मग एका देशाच्या पोलिसांनी दुसऱ्याकडून माहिती मागायची कशी, किती मागायची आणि कोणाला विचारून मागायची, हे ठरवायला जगभरचे देश बसले होते. बाईंनी वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी वाचली आणि कॉलेजात जाऊन मसुदा छापून आणला. माझ्या प्राध्यापकांनाही तो माहीत नव्हता.

पुढे दर रविवारी वाचनालयात आम्ही चार मुली आणि बाई असं ते वाचन चालू झालं. बाईंची पद्धत अशी, की कलम वाचायचं आणि लगेच ते आपल्या गावात आणायचं. मसुद्यात एका ठिकाणी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या: एक, कोण कोणाशी कधी आणि किती वेळ बोललं त्याची नोंद, दुसरी, प्रत्यक्ष बोलणं. पहिली मिळवणं सोपं, दुसरी मिळवणं जरा अवघड, असा कलमांचा रोख होता. आमच्यातली एक म्हणाली, "बरोबरच आहे ना बाई. नुसत्या नोंदीतून काय कळतं?"

बाई हसल्या. "आमी हर कॉलचं तिकीट लिहायचो. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरले, किती वाजता, किती मिनिटं. आता ऐक. एका दुकानदाराच्या घरून दर सोमवारी अकोल्याच्या एका डॉक्टरले तीन मिनिटं. मंग महिनाभर रोज. मंग एका दिवशी एकदम अकरा कॉल, सारे सोयऱ्यायले. अन् मंग डॉक्टरले एक बी नाही. काय झालं सांग."

विचारणारीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"मी चावी एकदा बी दाबली नव्हती," बाई म्हणाल्या.

त्या चहाच्या टपरीवरून जाऊ लागल्या की तिथली पोरं ओरडायची, "काय बाई, आज कोणत्या देशाला फोन?" बाई न थांबता म्हणायच्या, "लाइन बिझी आहे बे, तुह्या मायचा कॉल चालू आहे." कोणी मोबाइलवर आलेला भडक मजकूर दाखवला, की त्या एकच विचारायच्या, "हा कॉल बुक कोणी केला?" म्हणजे हा मूळ पाठवला कोणी. माणसाला ते सांगता यायचं नाही. "मंग मी जोडत नाही," एवढं बोलून त्या मोकळ्या व्हायच्या.

पण बाईंचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका मुलाचं दुकान होतं. बाईंना कळलं की आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या एका वहीत आहेत. वही पाहिली तर पासवर्डही एकच: बालाजी, आणि पुढे एक-दोन-तीन.

"काय बे हे? बालाजी साऱ्यायचं रक्षण करते, पण येवढं बी नको टाकू त्याच्यावर."

"बाई, यांच्या लक्षात राहत नाही. उद्या येऊन मलाच विचारतात."

"विचारू दे. मले माहीत नाही म्हन."

बाई तीन दिवस त्या दुकानात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला नवा, वेगळा, कोणाला न सांगण्यासारखा पासवर्ड करायला लावला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत आली तेव्हा त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना तो आठवेना. दुकानापुढे ही गर्दी! माझाच चुलतभाऊ तिथं कपाळाला हात लावून उभा होता. बाई आल्या, सगळ्यांच्या समोर म्हणाल्या, "चूक माही आहे. मी कुलूप लावाले शिकवलं, किल्ली ठेवाले नाही." मग दोन दिवस एकेकाला घेऊन बसल्या, सगळी खाती उघडून दिली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन पासवर्ड घरातच, त्याच्या-त्याच्या कागदपत्रांच्या डब्यात लिहून ठेवायला लावला. मोठं माणूस आपली चूक अशी भर रस्त्यात मान्य करतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात, शाळेत, कुठेच नाही. बाईंबद्दल मला आदर वाटू लागला तो मसुद्यामुळे नव्हे, त्या दुपारमुळे.

मसुद्यातलं एक कलम मात्र बाईंना सोडत नव्हतं. एखाद्याच्या नोंदी किंवा बोलणं सरकारनं कंपनीकडून घेतलं, तर कंपनीनं ही गोष्ट गुप्त ठेवावी, असं त्यात होतं. कधीपर्यंत गुप्त ठेवावी, ते नव्हतं. ज्याचं ऐकलं त्याला पुढे कधी सांगायचं की नाही, तेही नव्हतं. बाई चावीच्या विरोधात नव्हत्या. "चोर धराले ऐका लागते, त्याले माही ना नाही," म्हणायच्या. पण या कलमाशी आलं की त्यांचं पेन्सिल फिरवणं थांबायचं.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्या देशांनी सामान्य लोकांची मतं ऐकायला एक ऑनलाइन सुनावणी ठेवली. नाव नोंदवायचं, पुरेसं कारण द्यायचं, निवड झाली तर बोलायला तीन मिनिटं. आमच्या रविवारच्या मंडळाच्या नावानं आम्ही बाईंचा अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात बाईंनी 'निवृत्त ट्रंक ऑपरेटर' लिहायला लावलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की बाईंना वेळ दिली आहे. आम्ही मुली वाचनालयातच नाचलो. ग्रंथपालांनी पेढे मागवले. बाई पेढा हातात धरून बसल्या होत्या, तोंडात घालत नव्हत्या.

भाषण लिहायला बसलो. बाई मराठीत सांगणार, मी इंग्रजी करणार. "ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला काम संपल्यावर सांगितलं पाहिजे," हे पहिलं वाक्य मी लिहिलं आणि पुढच्याची वाट पाहू लागले. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मी बोलू शकत नाही रेखा."

"का बाई?"

"कारण मी सांगतलं नाही."

आणि त्यांनी मला जे सांगितलं ते असं. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका खासगी शाळेत सुरडकर नावाचे तरुण शिक्षक होते. ती संस्था शिक्षकाला नोकरी देतानाच त्याच्याकडून सहीचा राजीनामा लिहून घ्यायची. तारीख तेवढी कोरी. तो संस्थेच्या कपाटात राहायचा. शिक्षकानं तोंड उघडलं, की संस्था वर तारीख टाकायची. शाळेच्या तपासणीला सोमवारी साहेब येणार होते. सुरडकर सरांनी ठरवलं, की त्यांच्या हातात अशा सगळ्या राजीनाम्यांची यादी द्यायची. त्याबद्दल नागपूरच्या एका सहकाऱ्याशी बोलायला ते शुक्रवारी आपल्या मित्राच्या, म्हस्के सरांच्या घरी गेले. म्हस्के सर त्याच शाळेत शिकवायचे आणि त्यांच्याकडे फोन होता. कॉल बाईंच्या बोर्डावर आला.

"आमच्या सुपरवायझरनं त्याच दिवशी मले सांगतलं होतं, म्हस्केच्या नंबरवरून ट्रंक आला तं नीट ऐकजो. संस्थेच्या अध्यक्षाले सुरडकर सरांवर शक होता, त्याचंच हे सांगणं होतं. कागद नाही, काही नाही, तोंडी. मी तवा टेम्पररी होती. मी चावी दाबली अन् वर केलीच नाही. सारा कॉल ऐकला. अन् जाऊन सांगतला."

शनिवारी सकाळी सुरडकर सरांच्या राजीनाम्यावर तारीख पडली.

"ते तपासणीच्या आधीच गावाले निघून गेले. धामणगाव बढेले. अन् त्यायले वाटलं, म्हस्केनं सांगतलं. गावात दुसरं कोणाले माहीतच नव्हतं ना! साऱ्या गावाले बी तेच वाटलं. म्हस्के सर पुढं हेडमास्तर झाले, मंग तं पक्कंच झालं." बाईंनी समोरचे कागद सरळ केले. "मी कायम झाली पुढच्या सालाले. ते याच्यामुळं, का माह्या कामामुळं, मले अजून माहीत नाही."

म्हस्के सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. बाई त्यांच्या अंत्ययात्रेत शेवटी उभ्या होत्या. सुरडकर सर आले नव्हते.

"एकाले सांगायचं राहूनच गेलं," बाई म्हणाल्या. "दुसरा जिता आहे. आधी त्याले सांगते, मंग जगाले. तू संग चाल. तू नसली तं मी बुलढाण्याहूनच परत येईन."

धामणगावला जायचं म्हणजे चिखली, बुलढाणा, मोताळा असा लांबचा प्रवास.  सुरडकर सरांचं घर विचारत गेलो. ते अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. पांढरी दाढी, अंगात बंडी. नोकरी गेल्यावर त्यांनी शेतीच केली. आम्हाला बाज टाकली, पाणी दिलं. बाईंनी पाणी घेतलं नाही, बसल्याही नाहीत.

"सर, तुम्ही मले ओळखत नाही. पण मी तुमचा आवाज ओळखते. मी देऊळगावच्या एक्स्चेंजले ऑपरेटर होती. तुम्ही म्हस्के सरांच्या घरून नागपूरले केलेला कॉल मी ऐकला. अन् मी सांगतला. म्हस्के सरांनी नाही."

सरांच्या हातातलं कणीस अर्धं सोललेलं तसंच राहिलं. मग ते म्हणाले, "तुम्ही ऐकलं."

"हाव."

"सारं?"

"सारं."

"म्हस्केले माहीत होतं का, तुम्ही सांगतलं म्हणून?"

"नाही. त्यायले बी मी सांगतलं नाही. मी भेली."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ते उठले, गोठ्यापर्यंत गेले, परत आले. "त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आली होती," ते म्हणाले. ते आमच्याशी बोलत आहेत असं वाटत नव्हतं. "स्वतः घेऊन आला होता म्हस्के. इथं, या अंगणात उभा होता. मी हातात बी घेतली नाही. तो म्हने, किसन, मी नाही सांगतलं रे. मी म्हटलं, मंग भिंतीनं सांगतलं का?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाले तीस वर्षं लागले का बाई धामणगावले याले?"

बाईंनी मान खाली घातली नाही. "हाव. तीस वर्षं लागले."

"आता मी माफ करू म्हणून आल्या?"

"नाही. माफी मांगाले नाही आली. तुम्हाले माहीत पाहिजे होतं, म्हणून आली."

सर खाली बसले. कणीस पुन्हा हातात घेतलं, पण सोललं नाही. "त्याच्या बायकोले सांगा," ते म्हणाले. "माह्या आधी तिले सांगाले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी बाई म्हस्के काकूंच्या दारात गेल्या. मी कोपऱ्यावर थांबले होते. काकू फाटकाच्या आत, बाई बाहेर. पाच मिनिटंही झाली नसतील. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या फाटकाची कडी लावून आत गेल्या. बाई थोडा वेळ त्या बंद फाटकासमोर उभ्या राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चाल. आता लिहू."

सुनावणी माझी परीक्षा झाल्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी होती. कॉलेजची संगणक खोली मिळाली. आयत्या वेळी कॉलेजची लाइन गेली, तेव्हा आम्ही तिघींचे मोबाइल खिडकीच्या कठड्यावर मांडून नेट जोडलं आणि शिपाईदादा, कोणी धक्का लावू नये म्हणून, खिडकीशी पहारा देत उभे राहिले. पडद्यावर देशोदेशींचे चेहरे. बाईंच्या आधी एका मोठ्या कंपनीचा माणूस बोलला, त्याच्या आधी कुठल्याशा विद्यापीठातले प्राध्यापक. मग बाईंचं नाव पुकारलं गेलं.

बाईंनी घाई केली नाही. इंग्रजी साधं, एक्स्चेंजमधलं. म्हणाल्या, मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहे. मी एकदा तोंडी हुकुमावरून एका शिक्षकाचं बोलणं ऐकलं आणि वर पोचवलं. त्यांची नोकरी गेली. त्यांचं बोलणं कोणी ऐकलं हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या सर्वांत जवळच्या मित्रावर संशय घेतला. तो मित्र तो संशय अंगावर घेऊनच मेला. तुम्हाला ऐकावं लागेल, हे मला कळतं. पण हुकूम कागदावर असू द्या, आणि काम संपलं की त्या माणसाला सांगा. तुम्ही सांगितलं नाही, तर तो आपल्याच माणसांत शोधत बसेल.

अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव घेतलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि शिपाईदादांना म्हणाल्या, "मोबाइल उचला आता, तापले असतीन."

पुढे तो करार झाला. ज्याचं ऐकलं त्याला सांगायचं की नाही, ते ज्या-त्या देशाच्या कायद्यावर सोडलं गेलं. तेव्हा मी पुण्याला एम.ए. करत होते. फोनवर मी हळहळले, तर बाई म्हणाल्या, "मंग आपल्या देशाले लिहू. पत्ता तं माहीत आहे." त्यांनी लिहिलंही, पोचपावत्या जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्या आता माझ्याकडे आहेत, कारण गेल्या वर्षी बाई गेल्या. मी आज बुलढाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मुलांना एखादा कायदा शिकवताना तो आधी त्यांच्या गावात आणायला लावते. हे कोणाकडून शिकले ते मी वर्गात दरवर्षी सांगते.

पण मला बाई दिसतात त्या सुनावणीनंतरच्या रविवारच्या.  एम.ए.च्या प्रवेशासाठी त्या दुपारच्या गाडीनं मी जालन्याहून पुढे पुण्याला जाणार होते आणि निरोप घ्यायला बाईंकडे गेले होते. बाईंनी भाषणाची मराठी प्रत स्वतःच्या अक्षरात काढली होती. "चाल, स्टँडच्या रस्त्यावरच आहे," म्हणाल्या. आम्ही म्हस्के काकूंच्या फाटकाशी गेलो.

ओट्यावर खुर्ची टाकून सुरडकर सर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायाशी पिशवी. ते कधी आले, काकूंनी त्यांना आत कसं घेतलं, काय बोलणं झालं, मला माहीत नाही. काकू आतून बाहेर आल्या.

"आता काय राहिलं?"

"हे मी बाहेरच्या देशांच्या बैठकीत बोलली," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरचं आहे. तुम्हाले दाखवल्याबिगर ठेवता येत नाही."

काकूंनी कागद घेतला नाही. "वाचा."

बाईंनी फाटकाबाहेर उभ्या राहून वाचलं. काकू कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"यात ह्यांचं नाव कुठंय?"

"नाही घेतलं. परक्या लोकायत सरांचं नाव कायले—"

"परक्यात नका घेऊ. त्यांना काय करायचंय आमच्याशी? इथं घ्या. ह्या गल्लीनं तीस वर्षं ह्यांना चुगलखोर म्हटलं. माझ्या पोराला शाळेत म्हटलं. मयतीला आलेल्यांनीसुद्धा मागं कुजबूज केली, मला ऐकू येत होतं. जगात बोललात ना? मग गल्लीत बोला. नाव घालून."

  बाईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, कागद फाटकाच्या खांबावर ठेवला आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"दत्तात्रय विठोबा म्हस्के."

काकू फाटक उघडून रस्त्यावर आल्या आणि एकेक दार वाजवू लागल्या. "ओ जाधव वहिनी, टीव्ही बंद करा, बाहेर या. काका, तुम्ही पण या. या, या, ऐकण्यासारखं आहे." लोक हात पुसत बाहेर आले. लग्नाचं आमंत्रण असेल असं एकाला वाटलं. दहा-पंधरा जण जमले आणि बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून वाचू लागल्या. मी सुमन वाकोडे, ट्रंक ऑपरेटर. तो कॉल मी ऐकला. तो मी सांगितला. दत्तात्रय विठोबा म्हस्के यांनी कोणालाही काहीही सांगितलं नव्हतं.

वाचून झालं.  एक म्हातारे गृहस्थ दुसरीकडे पाहू लागले. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी बाईंच्या पाया पडले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष काकूंकडे होतं.

"पुन्हा वाचा," काकू म्हणाल्या. "खालच्या घरांना गेलं नसेल ऐकू."

मी कोपऱ्यावर पोचून वळून पाहिलं. बाईंनी चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला होता आणि चार घरं खाली जाऊन त्या पहिल्या ओळीपासून वाचत होत्या. सुरडकर सर ओट्यावरून उतरून आले होते आणि वाऱ्यानं उडणाऱ्या कागदाचं एक टोक धरून त्यांच्या शेजारी उभे होते.